शेवटचे ५५ मिलिमीटर : टायटॅनियमच्या एका लॉटचं पूर्ण प्रकरण

मे महिन्यात आमच्या शॉपवर टायटॅनियमचा एक जॉब अडकला होता, त्याची सगळी गोष्ट लिहून काढते आहे, कारण आम्ही जिथं जिथं चुकलो तिथं दुसरं कुणीही चुकू शकतं आणि हा माल इतका महाग असतो की शिकायची किंमत परवडत नाही. शॉप म्हणजे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं साधं जॉबवर्कचं युनिट, दोन सीएनसी लेथ, एक जुना कन्व्हेन्शनल लेथ, शेजारी टॉवेलचे लूम रात्रंदिवस खटखटतायत. मी प्रोसेस बघते. मशीनवर आमचे अण्णा, तीस वर्षांच्या वर लेथवर उभे राहिलेले, आवाजावरनं टीप, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेली का नाही ते सांगणारे.

जॉब होता व्हॉल्व्हचा स्टेम, म्हणजे झडपेचा दांडा, ग्रेड ५ टायटॅनियमचा, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला, ज्याला सगळे सिक्स-फोर म्हणतात. आकार सोपा, एका बाजूला ५५ मिमी व्यासाचं टी-आकाराचं डोकं आणि त्याच्यामागं लांब दांडा, फिनिश व्यास ३०. एकूण ९६ नग, दोन लॉटमध्ये ४८-४८. पहिला लॉट आम्ही ६० मिमीच्या सरळ बारमधनं काढला आणि तो काहीही त्रास न देता निघाला, फक्त दांड्याच्या भागात ६० चं ३० करायचं म्हणजे चार भागांतले तीन भाग धातू चिप होऊन ट्रेमध्ये जात होता. हे बघून ग्राहकाला वाईट वाटलं, आणि ते बरोबरच होतं, म्हणून त्यानं दुसऱ्या लॉटसाठी ४० मिमीचा बार घेऊन त्याचं एक टोक गरम करून डोकं फोर्ज करून, म्हणजे दाबून घडवून, घेतलं आणि तयार ब्लँक, म्हणजे कापायचे कच्चे नग, आमच्याकडं पाठवले. सोबत टेस्ट सर्टिफिकेट. केमिस्ट्री बरोबर, टेन्साइल, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, ९५० च्या आसपास, स्टॅण्डर्डला किमान ८९५ मेगापास्कल लागतं, म्हणजे सगळं व्यवस्थित. आम्ही सर्टिफिकेट फाइलला लावलं आणि जॉब चढवला.

प्रोग्रॅम पहिल्या लॉटचाच, रफिंगला स्पीड ५५ मीटर प्रति मिनिट, फीड, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात टूल सरकतं ते, ०.२५ मिमी, कटची खोली दीड मिमी, बिनकोटिंगची बारीक ग्रेनची कार्बाइड टीप. डोकं चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत, शेपूट, म्हणजे दांड्याचं दुसरं टोक, सेंटरच्या टोकदार आधारावर, टूल शेपटीकडनं डोक्याकडं. पहिल्या लॉटला टीपेच्या एका धारेत सहा जॉब व्हायचे आणि इथं तर काढायचा माल कमी, मी आठ-नऊ धरले होते. दुसऱ्याच जॉबला टीप उडाली. दुसरी धार लावली, परत दोन जॉब. तिसरी, परत तेच. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचा सगळा दांडा शांत कापला जायचा, डोक्याच्या आधीचे शेवटचे ५०-६० मिमी आले की आवाज बदलायचा, एकसारखी शिट्टी होती तिथं घरघर सुरू व्हायची, पृष्ठभागावर बारीक लाटा दिसायच्या.

आता आम्ही काय काय समजलो ते क्रमानं सांगते, कारण प्रत्येक समज त्या वेळी पटण्यासारखीच होती.

पहिला संशय कूलंटवर, म्हणजे कापताना टीपेवर सोडतो त्या तेल-पाण्यावर. मे महिना, बाहेर ४३ अंश, टाकीतलं पाणी उडून जातं आणि तेलाचं प्रमाण वाढत राहतं, वर आमच्याकडं बोअरचं पाणी जड. रिफ्रॅक्टोमीटरनं बघितलं तर खरंच प्रमाण वाढलेलं होतं, ते ९ टक्क्यांवर आणलं, चकच्या जवळ त्याच्या जबड्यांमुळं कूलंटची धार अडते म्हणून नोझल वाकवून टीपेच्या अगदी टोकावर आणलं. फरक पडला नाही. मग वाटलं वरचं कवच असेल. टायटॅनियम हवेत तापवलं की ऑक्सिजन आत शिरून वरचा थर कडक आणि ठिसूळ होतो, त्याला अल्फा केस म्हणतात, आणि फोर्ज केलेल्या मालावर तो असणारच. पण तो थर मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो आणि आमच्या पहिल्याच दीड मिमीच्या कटमध्ये तो निघून जातो, त्रास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या कटलाही तसाच होता. मग लवचिकपणा. टायटॅनियमचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचं माप, ११४ गिगापास्कलच्या आसपास, स्टीलचा २१०, म्हणजे तेवढ्याच जोरानं दांडा जवळजवळ दुप्पट वाकतो. पण चक आणि सेंटरमध्ये धरलेला दांडा सगळ्यात जास्त मधोमध वाकतो, आणि आमचा त्रास चकच्या शेजारी, म्हणजे जिथं जॉब सगळ्यात घट्ट धरलाय तिथं. हा संशय कागदावरच बाद झाला.

अण्णांनी मग जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम आहे असं मी मानते. म्हणाले, "ताई, जॉब उलटा धरून बघू की. मशीनचा दोष असला तर तिथंच राहील, मालाचा असला तर मालासंगं येईल." शेपूट कोलेटमध्ये धरली, डोक्याला सेंटर मारून टेलस्टॉकचा आधार लावला, डोक्यामागं एक खाच घेतली आणि टूल तिथनं शेपटीकडं चालवलं, कोरी धार लावून. कट सुरू झाला आणि पहिल्या सेकंदापासनं घरघर. टूल पुढं सरकत गेलं आणि साधारण ५५ मिमी झाल्यावर आवाज आपोआप बसला, पुढचा सगळा दांडा लोण्यासारखा. हेल्पर पोरगं बघत होतं, त्याला अण्णा म्हणाले, "बघितलास का बे, रोग मालातच हाय."

जॉब उलटला तसा त्रास पण उलटला, म्हणजे मशीन, चक, कूलंट, टीपेची झीज, सगळे एका फटक्यात सुटले. हा प्रयोग करायला अर्धा तास लागला आणि त्याच्या आधी आम्ही आठ दिवस घालवले होते.

मग कडकपणा तपासला, रॉकवेलनं, म्हणजे टोक दाबून पडलेल्या खड्ड्यावरनं. शेपटीकडं रॉकवेल सी ३३, डोक्याकडं ३४. इथं माझं डोकं बंद पडलं. केमिस्ट्री तीच, कारण एकाच बारचा तुकडा. कडकपणा जवळजवळ तोच. मग बदललंय काय?

त्या दिवशी मी ट्रेमधनं दोन्हीकडच्या चिप वेगळ्या काढून घरी नेल्या. माझे वडील एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते, त्यांचा पितळी पिक ग्लास अजून घरात आहे, कापडावर ठेवून इंचाला ताण्याचे आणि बाण्याचे किती धागे ते मोजायचं घडीचं भिंग. चिप चिकटपट्टीवर आडवी लावली, तिच्यावर ग्लास ठेवला आणि सुईच्या टोकानं दात मोजायला लागले. टायटॅनियमची चिप बाजूनं बघितली तर करवतीच्या पात्यासारखी दातेरी असते, हे टायटॅनियम कापणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पण ते दात मोजायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. शेपटीकडची चिप : पाव इंचात ४४, दुसऱ्या तुकड्यावर ४५, तिसऱ्यावर ४४. दात एका मापाचे, चांगल्या विणीच्या कापडासारखे. डोक्याकडची चिप : एका तुकड्यात ३८, दुसऱ्यात २७, आणि २७ वाल्यात तर दोन-तीन बारीक दात, मग एकदम दुप्पट रुंद दात, मग त्याच्यामागं खोल चीर, मग परत बारीक. वडील शेजारी बसून बघत होते, म्हणाले हे कापड मी पास केलं नसतं.

आता हे दात का पडतात ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. टायटॅनियम उष्णता फार वाईट वाहून नेतं. सिक्स-फोरची औष्णिक वाहकता ७ च्या आत आहे, साध्या कार्बन स्टीलची ५० च्या आसपास, त्याच एककात. टीप धातूला दाबते, धातू एका तिरप्या पट्ट्यात सरकायला लागतो, सरकण्यानं उष्णता तयार होते आणि ती उष्णता पळून जायच्या आत तोच पट्टा आणखी मऊ होतो, मऊ झाला म्हणून सगळं सरकणं तिथंच होतं, म्हणून तो अजून तापतो. स्टीलमध्ये काम झालेला भाग कडक होतो आणि सरकणं शेजारी पसरतं, इथं मऊ होण्याचा वेग कडक होण्याच्या पुढं जातो. मग तो पट्टा कागदासारखा पातळ होऊन एकदम घसरतो, एक दात मोकळा होतो, टीपेवरचा जोर कमी होतो, आणि टीप पुढच्या धातूला दाबायला लागते. दाबणं, घसरणं, दाबणं, घसरणं. १९६४ साली रेक्ट यांनी या उष्णतेनं होणाऱ्या एकदम घसरण्याचा हिशेब मांडला, १९८१ साली कोमांडुरी आणि फॉन टर्कोविच यांनी टायटॅनियमच्या चिपमध्ये हे दोन टप्पे, आधी पाचरीसारखा भाग दाबला जाणं आणि मग पातळ पट्ट्यात घसरणं, नीट दाखवले. दाताची सुरुवात उष्णतेनं होते का वरच्या बाजूच्या भेगेनं होते यावर जाणकारांत वाद आहे आणि माझ्या मते दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, आमच्या रुंद दातांमागच्या चिरा बघून तरी तसंच वाटतं.

आमच्या आकड्यांवर हिशेब करून बघितला. ५५ मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ९१७ मिमी, चिप थोडी जाड होते म्हणून तिचा वेग त्याहून कमी, धरा ७००, आणि दात मिलिमीटरला सात. सेकंदाला साधारण ५ हजार दात. म्हणजे टीपेच्या धारेवर सेकंदाला ५ हजार वेळा जोर चढतो आणि उतरतो. हे दात एकसारखे असतील तर धार ते सहन करते. पण मधनंच दुप्पट मोठा दात आला, परत बारीक, परत मोठा, तर धारेला हातोडीचे वेडेवाकडे घाव बसल्यासारखं होतं आणि कार्बाइड दाबाला कितीही दणकट असला तरी अशा घावानं कडेचे कण सुटतात. आमच्या उडालेल्या टीपा भिंगाखाली बघितल्या तर नेमकं तेच, बाजूची झीज थोडीच होती, धारेचे टवके निघाले होते. मी हे आधी बघायला पाहिजे होतं, टीप फेकायच्या आधी.

आता दात वेडेवाकडे का, त्यासाठी आत बघावं लागणार होतं. गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये लॅब सांभाळणारे एक सर आहेत, त्यांच्याकडं एक खराब झालेला ब्लँक उभा चिरून दिला आणि दोन्हीकडच्या चिप रेझिनमध्ये बसवून पॉलिश करून घेतल्या. एचिंगला, म्हणजे ॲसिडनं वरचा थर खाऊन आतले दाणे उघडे करायला, टायटॅनियमला क्रोलचं द्रावण लागतं, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. हे काम शॉपवर कधीही करू नका, अगदी थोडंसं असलं तरी नको, हे ॲसिड कातडीतनं आत हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखत पण नाही. सरांनी फ्यूम हूडमध्ये, जाड हातमोजे घालून आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल शेजारी ठेवूनच केलं, मला काचेच्या पलीकडं उभं केलं.

चिरलेला ब्लँक ॲसिडमधनं काढून धुतला आणि मायक्रोस्कोपची गरजच पडली नाही. शेपटीकडचा भाग एकसारखा मॅट राखाडी. डोक्याकडं डोळ्यांना दिसतील एवढे मोठे दाणे, मिलिमीटरभराचे, काही गडद काही चमकणारे, तुकडा हातात फिरवला की चमक या दाण्यावरनं त्या दाण्यावर जायची. आणि दोन्हींच्या मध्ये सीमा, टर्किश टॉवेलमध्ये लूपचा भाग संपून जिथं बॉर्डर सुरू होते ना, तशी. पट्टी लावली. डोक्यापासनं ५४ मिमी.

मायक्रोस्कोपखाली (अल्फा आणि बीटा म्हणजे काय ते पुढं लगेच सांगते) शेपटीकडं अल्फाचे बारीक गोलसर दाणे, १० मायक्रॉनच्या आसपास, मध्ये मध्ये बीटाचे ठिपके. डोक्याकडं लांब लांब पट्ट्या, एकमेकींना समांतर, गठ्ठ्यागठ्ठ्यानं, आणि जुन्या बीटा दाण्यांच्या कडेनं अल्फाची एक सलग पांढरी रेघ.

सर म्हणाले, "हा माल बीटामध्ये जाऊन आलाय." त्याचा अर्थ असा. सिक्स-फोरमध्ये दोन फेज, म्हणजे अणूंच्या मांडणीचे दोन प्रकार, असतात, अल्फा म्हणजे षटकोनी रचना आणि बीटा म्हणजे घनाकृती. तापवत गेलं की अल्फा कमी होत जातं आणि साधारण ९९५ अंशाला सगळाच्या सगळा बीटा होतो, या तापमानाला बीटा ट्रान्सस म्हणतात. त्याच्या खाली राहिलं तर अल्फाचे दाणे बीटाच्या दाण्यांना वाढू देत नाहीत, पण वर गेलं की अडवणारं कुणीच नसतं आणि बीटाचे दाणे बघता बघता मोठे होतात. मग सावकाश थंड होताना अल्फा आधी दाण्यांच्या कडेला बसतं, तीच ती पांढरी रेघ, आणि तिथनं आत पट्ट्या वाढतात. एका गठ्ठ्यातल्या सगळ्या पट्ट्यांचं तोंड एकाच दिशेला असतं, या गठ्ठ्याला कॉलनी म्हणतात. थोडं भराभर थंड केलं तर गठ्ठे बारीक होऊन पट्ट्या एकमेकींत विणल्यासारख्या दिसतात आणि त्या रचनेला मेटलर्जीवाले बास्केटवीव्हच म्हणतात, आपल्या गावाला हे नाव समजावून सांगायला नको. एकदम पाण्यात बुडवलं तर तिसरंच काहीतरी, सुयांसारखा मार्टेन्साइट. केमिस्ट्री या तिन्हींत एकच. म्हणून सर्टिफिकेटवर काहीच दिसत नाही.

आता दोन मापं शेजारी ठेवा, कारण या प्रकरणाचं सगळं सार माझ्या मते इथं आहे. आमचा एक दात साधारण १४० मायक्रॉनचा. शेपटीकडचा दाणा १० मायक्रॉनचा, म्हणजे एका दाताच्या रुंदीत चौदा-पंधरा दाणे, आणि जाडीत अजून किती तरी. अल्फाची षटकोनी रचना दिशेप्रमाणं वेगळी वागते, उभ्या अक्षाच्या दिशेनं मॉड्युलस १४५ आणि आडव्या दिशेनं १०० गिगापास्कल, घसरण्याचे मार्गही मोजकेच, त्यामुळं एक दाणा सोप्या बाजूनं सापडतो, एक अवघड बाजूनं, पण एका दातात इतके दाणे असले की सगळ्यांची सरासरी होते. प्रत्येक दाताला तीच सरासरी, म्हणून प्रत्येक दात सारखा. डोक्याकडं कॉलनीच ३०० ते ४०० मायक्रॉनची, दातापेक्षा मोठी. म्हणजे एक अख्खा दात एकाच कॉलनीत कापला जातोय, सरासरी करायला दुसरं कुणी नाहीच. कॉलनीचं तोंड सोयीचं असलं तर पट्टा लवकर घसरतो, दात बारीक. तोंड अवघड असलं तर धातू दाबत दाबत जातो, जोर वाढत राहतो आणि मग एकदम मोठा दात सुटतो, मागं चीर सोडून. पुढच्या क्षणी टीप दुसऱ्या कॉलनीत. ही रचना तशीही कमी ताणली जाते, पट्ट्यांच्या सीमेवर आणि त्या पांढऱ्या रेघेवर भेग पटकन धरते.

रेझिनमध्ये बसवलेल्या चिपमध्ये हे उघड दिसत होतं. शेपटीकडच्या चिपमध्ये प्रत्येक दोन दातांमध्ये एक सरळ पांढुरकी रेघ, घसरलेला पट्टा, आणि दाताच्या आतले दाणे जवळजवळ न बदललेले. डोक्याकडच्या चिपमध्ये पट्ट्या घसरणीच्या जागी येऊन वाकलेल्या, ओल्या धुण्याला पीळ द्यावा तशा, काही ठिकाणी घसरणीची रेघ सरळ न जाता कॉलनीच्या कडेनं वळण घेऊन गेलेली, आणि एके ठिकाणी रेघच नाही, नुसती भेग. मी ते चित्र किती वेळ बघत बसले मलाच कळलं नाही. तीन आठवडे ज्या आवाजानं वैताग आणला होता तो आवाज कसा दिसतो हे समोर होतं.

कडकपणा का फसवतो तेही इथंच कळलं. रॉकवेलचा खड्डा आमच्या दातापेक्षा कितीतरी मोठा, त्याच्याखाली बऱ्याच कॉलन्या एकदम येतात आणि परत सरासरीच मिळते.

ग्राहकाला फोन केला आणि हळूहळू उरलेलं बाहेर आलं. जे सर्टिफिकेट आमच्याकडं आलं होतं ते खरं होतं, पण ते मूळ बारचं, फोर्जिंगच्या आधीचं. फोर्जिंग जिथं केलं तिथं रोज स्टीलचं काम, स्टील ११५०-१२०० अंशाला तापवतात आणि रंगावरनं ओळखतात, टायटॅनियमचं टोकही तसंच पिवळसर होईपर्यंत तापवलं. १०० मिमीच्या आसपास टोक भट्टीत होतं, त्यातलं ४५-५० दाबून डोक्यात गेलं आणि उरलेलं दांड्यात राहिलं, हेच ते आमचे ५५ मिमी. त्या माणसांना दोष देऊन मला काही मिळायचं नाही, त्यांना कुणी तापमान लिहून दिलंच नव्हतं. पण मोडलेल्या टीपांचे आणि वाया गेलेल्या दिवसांचे पैसे अजून अर्धेच मिळालेत आणि ते आमच्यासारख्या छोट्या शॉपला लागतं, हे पण लिहूनच ठेवते.

हे कळेपर्यंत आम्ही अकरा जॉब कापले होते, त्यातले शेवटचे सहा बदललेल्या सेटिंगवर. ते सेटिंग सांगते, कुणावर अशी वेळ आली तर सुरुवात तरी होईल. शेवटच्या ५५ मिमीला प्रोग्रॅममध्ये वेगळा ब्लॉक टाकला, जी ९६ ला एस ५५ च्या जागी एस ३८, म्हणजे कापायचा स्पीड मिनिटाला ५५ वरनं ३८ मीटर, फीड ०.२५ वरनं ०.१८. फीड त्याच्या खाली नेलं नाही, कारण टायटॅनियममध्ये फीड फार कमी केलं की टीप कापायच्या ऐवजी घासते आणि पृष्ठभाग अजून बिघडतो, अण्णांनी एकदा ०.०८ करून बघितलं आणि लगेच सोडलं. टीप तीच बारीक ग्रेनची, पण धार अगदी तीक्ष्ण न ठेवता कड किंचित गोल केलेली. स्पीड कमी केल्यानं उष्णता कमी होते आणि मोठ्या दाताचा घाव हलका बसतो. एका धारेत चार जॉब निघाले. मालाचा स्वभाव काही यानं बदलत नाही, आपण फक्त सावरून घेतो.

एक गोष्ट मध्येच सांगायची राहिली. डोक्याकडच्या चिप तुटून बारीक तुकडे पडत होते आणि टायटॅनियमचा बारीक चुरा पेट घेतो. शेजारी लूम, हवेत सतत कापसाचा तूस, तो येऊन आमच्या मशीनवर बसतो. पाणी मारलं तर आग भडकते, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पण उपयोगाचा नाही, टायटॅनियम त्यातही जळतं. आम्ही कोरडी वाळू आणि डी क्लासचा सिलिंडर मशीनच्या हाताच्या अंतरावर ठेवला आणि चिप रोज संध्याकाळी झाकणाच्या लोखंडी डब्यात बाहेर काढायला लागलो. लूमवाल्या शेजाऱ्यांनाही जाऊन सांगितलं.

मग सगळ्यात अवघड प्रश्न, हे अकरा जॉब द्यायचे का. मापात होते, फिनिश चालण्यासारखं होतं, सर्टिफिकेट सोबत होतंच. मालक म्हणाले तू ठरव. ही पट्ट्यांची रचना सगळीकडं वाईटच असते असं नाही, भेग पुढं सरकायला तिच्यात वेळ लागतो, जास्त तापमानाला ती टिकते, काही ठिकाणी मुद्दाम करतात. पण परत परत ताण बसणाऱ्या पार्टला ती सुरुवातीच्या भेगेला लवकर वाट देते, आणि व्हॉल्व्हच्या स्टेमवर सगळा ताण डोक्याच्या मुळाशीच येतो, नेमकं त्याच ५५ मिमीत. ड्रॉइंगवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, अल्फा-बीटा क्षेत्रात घडवलेलं आणि ॲनील केलेलं, म्हणजे ट्रान्ससच्या खालीच घडवून मग परत तापवून निवांत केलेलं. ती ओळ आम्ही कुणी नीट वाचली नव्हती. मी अकराच्या अकरा बाजूला ठेवले आणि चिरलेल्या ब्लँकचा फोटो, चिपचे फोटो आणि पिक ग्लासचे आकडे ग्राहकाला पाठवले. त्यांनी आपल्याकडं एक जॉब चिरून खात्री केली आणि उरलेले ३७ ब्लँक परत मागवले.

त्यांच्या इंजिनिअरनं विचारलं की हीट ट्रीटमेंट करून हे दुरुस्त होईल का. नाही होत. नुसतं तापवून या पट्ट्यांचे गोल दाणे होत नाहीत, ट्रान्ससच्या खाली ठेवून धातूला चांगला दाबावा लागतो, पट्ट्या मोडाव्या लागतात, मग ॲनील केलं की त्यांचे दाणे बनतात. तयार आकाराच्या ब्लँकला ते शक्य नाही.

नवे ब्लँक ऑगस्टमध्ये आले. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं साधन, लावलेल्या भट्टीत ९४० अंशाला तापवून फोर्ज केलेले, मग ७०० च्या थोडं वर ॲनील, तापमानाचा चार्ट सोबत, आणि यावेळी आम्ही मागितलेला डोक्याकडच्या कापाचा शंभर पट मोठा केलेला फोटो. बहुतेक दाणे गोलसर, थोड्या पट्ट्या मध्ये मध्ये, कडेची पांढरी रेघ कुठंच नाही. तरी मी पहिला जॉब चढवायच्या आधी अण्णांना म्हटलं की डोक्याकडची आणि शेपटीकडची चिप वेगवेगळ्या वाट्यांत काढा. आता हे प्रत्येक लॉटच्या पहिल्या जॉबला करतो, पाच मिनिटांचं काम आहे, भिंग लागतं आणि सुई लागते. वडिलांनी ग्लास शॉपवर न्यायला दिला, रुमालात गुंडाळून.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, ग्लासला डोळा लावला आणि ओठ हलवत मोजत राहिले. शेपूट ४५. मग दुसरी वाटी. दोनदा मोजलं. "त्रेचाळीस, ताई," म्हणाले, आणि हेल्परला पुढचा ब्लँक आणायला पाठवलं.